लाडवाचं बळ

(कराड येथील कार्यकर्ता शिबिरातील भाषण)



‘छोटा भीम’ ही कार्टून मालिका २००८ पासून आपल्या घराघरांत चालते. ढोलकपूरवर संकट आलं की राजा इंद्रवर्मा भीमाला हाक मारतो. भीम लाडू खातो, अंगात बळ येतं, ठोसा बसतो. लाडू टुनटुन मावशींच्या दुकानातले. राबणारी बाई आणि मारणारा मुलगा, हे तुम्ही हेरलंच असेल. मला खुपतं ते पुढचं. भीम चांगला, म्हणून त्याला जाब कोणी विचारायचा नाही. कालियाचं म्हणणं कोण ऐकतं?

आपल्या मातीतलं उदाहरण घ्या. १९४३ ते ४६ मध्ये नाना पाटलांचं प्रतिसरकार साताऱ्यात चाललं. आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग तेव्हा त्याच जिल्ह्यात होता. गावोगाव न्यायमंडळं बसली, सावकारांना, गुंडांना वचक बसला. मला त्याचा अभिमान आहे. पण लोकांच्या तोंडी नाव राहिलं ते ‘पत्री सरकार’, तळपायावर मारायच्या शिक्षेवरून! न्यायमंडळाचा निवाडा पुन्हा तपासता येतो, बसलेला फटका परत घेता येत नाही. इंग्रजांच्या कोर्टावर भरवसा नव्हता, तेव्हाची गोष्ट निराळी.

आज टाकलेली बाई आपल्याकडे येते आणि म्हणते, “ताई, त्याला चार ठेवून द्या.” वीसजणी जातो, तोंडाला काळं फासतो, टाळ्या पडतात. संध्याकाळी आपण आपापल्या घरी. रात्री दार लावून तो तिच्याकडून सगळं वसूल करतो. शिवाय आपला दरारा गावाला कळतो. मग एखादा पुढारीच येतो, “आमच्या पोरीनं परजातीतला बघितलाय, जरा समजवा तिला.” जातपंचायतही असंच बळ वापरते. तिच्या बहिष्काराविरुद्ध आपण २०१६ चा कायदा मागून घेतला, तो काय स्वतःची पंचायत भरवायला?

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकारी आहेत, घरात राहण्याचा आदेश मिळतो. हेलपाटे पडतात, तारखा लांबतात, हे मी रोज बघते. तरी तो कागद बाईच्या हातात राहतो. आपला दरारा आपल्याबरोबर निघून जातो.

मोर्चा नको, असं मी म्हणत नाही. नेण्याआधी तिला विचारलं का, नवऱ्याची बाजू नोंदवहीत लिहिली का, गटाबाहेरच्या दोघी बैठकीला होत्या का? चहानंतर गटागटांत बसू, तेव्हा प्रत्येकीनं आपल्या गावची मागची तीन प्रकरणं या प्रश्नांसमोर ठेवावीत. नोंदवह्या आणल्या असतील तर त्याही काढा.