मराठवाड्याच्या परसात दमट प्रदेशातील झाडे

(परसबाग या विषयावरील भाषणाचा मजकूर)



कोकणातून परतणारे पाहुणे सोबत एखादे रोप घेऊन येतात, ही गोष्ट मराठवाड्यात नवीन नाही. नारळाचे, सुपारीचे किंवा मिरीचे ते रोप नांदेडच्या अथवा लातूरच्या अंगणात मोठ्या हौसेने लावले जाते. पावसाळ्यात ते तरारते, दिवाळीपर्यंत नवी पालवी धरते आणि होळीनंतर त्याच्या पानांच्या कडा करपू लागतात. घरातील मंडळी काळजीने अधिक पाणी घालतात. रोप अधिकच पिवळे पडते. मे महिन्याच्या अखेरीस आळ्यात वाळकी काडी तेवढी उरते आणि ‘इकडची हवा त्याला मानवली नाही’ असा निर्वाळा दिला जातो.

हा निर्वाळा अर्धाच खरा आहे. हवा मानवली नाही हे बरोबर. परंतु हवेतील नेमके काय मानवले नाही, हे समजून घेतल्यास पुष्कळ झाडे वाचू शकतात, आणि जी वाचणार नाहीत त्यांच्यावर पाणी व श्रम खर्ची घालण्याचे टळते. ज्या प्रदेशात पाण्याचा प्रत्येक हंडा मोलाचा आहे, तेथे हा विचार केवळ हौसेचा राहत नाही.

एक कटिबंध, दोन हवामाने

दापोली सुमारे १७.८ अंश उत्तर अक्षांशावर आहे, लातूर १८.४ अंशांवर आणि नांदेड १९.२ अंशांवर. कर्कवृत्त २३.५ अंशांवर असल्यामुळे ही तिन्ही ठिकाणे उष्ण कटिबंधातच मोडतात. सूर्य तिन्हीकडे जवळजवळ सारखाच तळपतो. फरक आहे तो ओलाव्याचा. कोकण किनाऱ्यावर वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि समुद्राच्या सान्निध्यामुळे उन्हाळ्यातही हवा दमट राहते. नांदेड जिल्ह्याची सरासरी साधारणतः नऊशे मिलिमीटरची, तर लातूरची त्याहूनही कमी. त्यातील बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर चढतो आणि कोरडे, उष्ण वारे वाहू लागतात.

झाड मुळांनी पाणी घेते आणि पानांवाटे ते वाफेच्या रूपाने सोडते. हवा दमट असेल तर ही वाफ सावकाश सुटते. हवा कोरडी, तापलेली आणि वाहती असेल तर पाने इतक्या झपाट्याने पाणी गमावतात की जमिनीत ओल असूनही मुळांचा पुरवठा अपुरा पडतो. पानाच्या कडेपर्यंत पाणी पोहोचत नाही, म्हणून कडा आधी करपतात. अशा वेळी आळे तुडुंब भरल्याने करपणे थांबत नाही. उलट, मराठवाड्यातील काळी, चिकण माती पाणी धरून ठेवते, मुळांना हवा मिळेनाशी होते आणि ती कुजतात. रोप वरून तहानेने व खालून पाण्याने, असे दोन्हीकडून मरते.

तात्पर्य हे की, दमट प्रदेशातील झाडाला येथे अधिक पाण्यापेक्षा आडोशाची आणि सावलीची गरज अधिक असते.

पानमळ्याचा धडा

हे ज्ञान मराठवाड्याला परके नाही. येथील पानमळे हा त्याचा जुना पुरावा होय. नागवेल ही मूळची आग्नेय आशियातील दमट वनांची वेल. उघड्यावर मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ती तग धरू शकत नाही. परंतु पानमळा लावणारा शेतकरी आधी वेल लावत नाही. तो आधी शेवरी, हादगा, शेवगा, पांगारा अशी झटपट वाढणारी झाडे दाट लावतो, भोवती वारा अडविणारी ताटी किंवा शेवरीचे कुंपण उभे करतो आणि मग त्या सावलीत वेल चढवितो. पाणी तो थोडे थोडे आणि वारंवार देतो. बाहेर ऊन रणरणत असताना पानमळ्यात शिरणाऱ्याला हवेतील गारवा व ओलावा तत्काळ जाणवतो. जिल्ह्याचे हवामान कोणालाही बदलता येत नाही. परंतु काही गुंठ्यांचे हवामान या शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या बदलले आहे. नांदेड जिल्ह्यातील अर्धापूर परिसराच्या केळीबागांच्या कडेनेही वारा अडविण्यासाठी शेवरी लावण्याची पद्धत आहे, तिच्यामागील तत्त्व हेच.

थंड देशांत हीच समस्या उलट स्वरूपात येते. लंडनजवळील क्यू येथील वनस्पती उद्यानात १८४४ ते १८४८ या काळात लोखंड आणि काच यांचे एक विशाल ताडगृह उभारण्यात आले. उष्ण प्रदेशातील झाडांना थंडीपासून जपणे हा त्याचा हेतू होता. परदेशी स्थायिक झालेली अनेक मराठी कुटुंबे आजही कढीपत्ता व तुळस कुंडीत लावतात आणि हिवाळा आला की कुंड्या घरात घेतात. तेथे शत्रू थंडी, येथे कोरडा वारा. उपाय मात्र एकच, झाडाभोवती त्याला मानवेल एवढे हवामान निर्माण करणे.

घरच्या परसात हे काम अल्प खर्चात होते. परसाच्या पश्चिम व दक्षिण बाजूंना पहिल्या पावसाळ्यात शेवगा आणि हादगा लावावा. त्यांच्या शेंगा, फुले व पाला स्वयंपाकातही उपयोगी पडतात. घराच्या पूर्वेला किंवा उत्तरेला, जेथे दुपारनंतर भिंतीची सावली पडते, ती जागा नाजूक रोपांसाठी राखून ठेवावी. पहिली दोन वर्षे फेब्रुवारी ते जून रोपांवर शेडनेट किंवा तुराट्यांचा मांडव असावा. आळ्यात सोयाबीनचे भुसकट, उसाचे पाचट किंवा वाळलेला पाला चार बोटे जाडीने पसरावा, मात्र तो बुंध्याला चिकटू देऊ नये. या आच्छादनाने जमीन थंड राहते आणि ओल टिकते.

मातीचा प्रश्न

कोकणातील जांभी माती आम्लधर्मी व पाण्याचा त्वरित निचरा करणारी असते. मराठवाड्यातील काळी माती बहुधा चुनखडीयुक्त असते. पावसात ती फुगते आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. चुनखडीमुळे मातीत लोह असूनही ते झाडाला घेता येत नाही. कोवळी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या, हे त्याचे लक्षण होय. यासाठी खड्ड्यात पोयट्याची माती, मुरूम आणि भरपूर कुजलेले शेणखत मिसळावे, जमीन चिबड असल्यास उंच गादीवाफ्यावर लागवड करावी आणि पिवळेपणा दिसल्यास एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस व चिमूटभर लिंबूसत्त्व विरघळवून सायंकाळी पानांवर फवारावे.

पाण्याचा हिशेब

एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीच्या दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी आले. त्यापूर्वी, मार्च महिन्यात, पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागू करण्याची वेळ प्रशासनावर आली होती. ज्या शहराने हे दिवस पाहिले, तेथील परसबागेने पिण्याच्या पाण्यावर हक्क सांगता कामा नये. तिने एकदा वापरलेल्या पाण्यावरच जगले पाहिजे.

जुन्या घरांत न्हाणीच्या मागे केळ आणि अळू असे, ते याच हिशेबाने. पाच माणसांच्या कुटुंबात प्रत्येकी एक बादली, म्हणजे वीस लिटर धरले, तरी आंघोळीचे रोज शंभर लिटर पाणी होते. भर उन्हाळ्यात केळीच्या एका वाढलेल्या झाडाला रोज सुमारे वीस लिटर पाणी लागते. म्हणजे दोन केळी, एखादी पपई आणि अळूचा लहानसा वाफा त्यावर सहज जगतो. नारळाच्या मोठ्या झाडाला याच काळात रोज तीस ते चाळीस लिटर पाणी द्यावे लागते, तेही वर्षानुवर्षे. दुष्काळात केळ गेली, तरी जगलेल्या गड्ड्यातून पुढील पावसाळ्यात नवा मुनवा फुटू शकतो. नारळ गेला की आठ-दहा वर्षांचे श्रम जातात. लातूर भागातील कुटुंबाने नारळ लावण्यापूर्वी हा हिशेब अवश्य मांडावा.

दोन पथ्ये मात्र पाळली पाहिजेत. कपडे धुण्याच्या चुऱ्याचे पहिले फेसाळ पाणी झाडांना देऊ नये. त्यातील क्षारांमुळे काळी जमीन चोपण होते. तसेच कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पालेभाज्यांना न्हाणीचे पाणी न देता भाजी व तांदूळ धुतलेले पाणी द्यावे.

उन्हाळ्यात निजणारी झाडे

जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत मराठवाड्याची हवाही दमट असते. तेव्हा दमट प्रदेशातील ज्या वनस्पती पावसाळ्यात वाढतात आणि कोरड्या दिवसांत जमिनीखाली गड्ड्याच्या रूपाने विसावतात, त्या येथे सर्वांत शहाण्या ठरतात. हळद, आले व सुरण या त्या वनस्पती होत. जूनमध्ये लावलेली हळद फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणीस येते. बेणे सावलीत साठवून पुन्हा जूनमध्ये लावता येते. ऐन उन्हाळ्यात तिला पाण्याचा थेंबही लागत नाही. नांदेडला लागून असलेल्या हिंगोली जिल्ह्यातील वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, यावरून हे पीक या भूमीत किती रुजले आहे हे स्पष्ट होते.

शाळांच्या परसबागांना तर हे वेळापत्रक वरदानच आहे. शाळा जूनमध्ये उघडते आणि मे महिन्यात बंद असते. सुटीत पाणी घालण्यास कोणी नसल्यामुळे अनेक शाळांतील बागा दरवर्षी नव्याने वाळतात आणि मुलांच्या मनावर झाड मरणारच असा संस्कार होतो. त्याऐवजी पावसाळ्यात हळद, आले व सुरण, हिवाळ्यात मेथी व पालक, आणि कुंपणाला शेवगा व कढीपत्ता अशी आखणी केली, तर मुले स्वतः लावलेले पीक स्वतःच काढतील आणि मे महिन्यात जगवावी लागणारी झाडे थोडी व काटक राहतील.

निवड कशी करावी

सर्वच उष्ण कटिबंधीय झाडे दमट वनांतील नसतात. सीताफळ मूळचे उष्ण कटिबंधीय अमेरिकेतील आणि चिंच आफ्रिकेतील. परंतु कोरडा काळ सोसण्याची शक्ती दोहोंत आहे. म्हणूनच बालाघाटच्या डोंगररांगांत सीताफळ रानासारखे वाढते आणि लातूर जिल्ह्यातील पानचिंचोलीच्या चिंचेला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन लाभते. परभणी येथील कृषी विद्यापीठाचे अंबाजोगाई येथे सीताफळ संशोधन केंद्र आहे. कलमे व जातींविषयी तेथे मार्गदर्शन घ्यावे.

लातूरसारख्या उंच, पाण्याच्या दृष्टीने तुटीच्या भागात सीताफळ, शेवगा, कढीपत्ता, लिंबू हा परसबागेचा पाया असावा, आणि न्हाणीच्या पाण्यावर एखादी केळ व अळू. नांदेड जिल्ह्यात गोदावरीकाठी विष्णुपुरी प्रकल्पाच्या परिसरात आणि ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्पाच्या कालव्यांलगत पाणी तुलनेने अधिक आहे. तेथे केळी, पपई, नागवेल आणि पुरेसे पाणी असल्यास नारळही लावता येईल. मात्र उष्णता तेथे अधिक असल्याने आडोसा अपरिहार्य होय. सुपारी, मिरी व जायफळ यांचा आग्रह दोन्ही जिल्ह्यांत सामान्य कुटुंबाने धरू नये.

ग्रामपंचायतींनी सार्वजनिक नळ व हातपंप यांच्या सांडपाण्याकडे या दृष्टीने पाहावे. जेथे आज चिखल व डास आहेत, तेथे शोषखड्डा आणि त्याच्या कडेला चार केळी, एवढी योजना कोणत्याही गावाच्या आवाक्यातील आहे. रोपे वाटण्याचा कार्यक्रम ठरविताना संबंधित अधिकाऱ्यांनी दोन प्रश्न विचारावेत: या झाडाला मे महिन्यात रोज किती पाणी लागेल, आणि ते पाणी कोठून येईल? ज्या रोपाबाबत या प्रश्नांचे उत्तर मिळत नाही, ते रोप वाटू नये. ज्याबाबत मिळते, त्याच्या पश्चिमेला आधी शेवगा लावावा आणि मगच ते रोप मातीत ठेवावे.