तारखांच्या कुंपणातील निर्वासित

(अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



महाराष्ट्रात ‘निर्वासित’ हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे उल्हासनगर उभे राहते. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत उतरलेल्या सिंधी बांधवांनी शून्यातून जे उभे केले, त्याविषयी आपण आदराने बोलतो आणि ते योग्यच आहे. परंतु आज मला बोलायचे आहे ते गडचिरोली जिल्ह्यातील चामोर्शी, मुलचेरा या भागांत भातशेती करणाऱ्या बंगाली कुटुंबांविषयी. पूर्व बंगालच्या नदीकाठची ही माणसे वैनगंगेच्या खोऱ्यात काही हौसेने आलेली नाहीत.

फाळणीने दोन्ही सीमांवर माणसे उखडली, पण दोन्हींकडे धोरण एक नव्हते. पश्चिमेकडून आलेल्यांची घरेदारे कायमची गेली, हे सरकारने मान्य केले. पाकिस्तानात गेलेल्यांनी मागे ठेवलेल्या मालमत्तेचा साठा हाताशी होता; त्यातून भरपाई देण्यासाठी १९५४ साली स्वतंत्र कायदाही झाला. पूर्वेच्या बाबतीत मात्र ही माणसे परत जातील, असे गृहीत धरले गेले. ८ एप्रिल १९५० च्या नेहरू-लियाकत कराराने वर्षअखेरपर्यंत परतणाऱ्यास त्याची स्थावर मालमत्ता मिळेल आणि न परतणाऱ्याचीही मालकी अबाधित राहील, असे आश्वासन दिले. कागदावर हे किती उदार वाटते! पण त्याचा व्यवहारातील अर्थ असा झाला की, बारिसालचा शेतकरी कायद्याने आपल्या जमिनीचा मालकच राहिला, आणि मालकाला भरपाई कशी द्यायची? या धोरणाशी असहमत होऊन डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी आणि क्षितीशचंद्र नियोगी यांनी केंद्रीय मंत्रिमंडळ सोडले. पाकिस्तानचे पहिले कायदेमंत्री जोगेंद्रनाथ मंडल यांनी त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात राजीनामा देऊन भारताची वाट धरली. दलित समाजाच्या भवितव्यासाठी ज्यांनी पाकिस्तानवर विश्वास टाकला होता, त्यांनाच तिथे राहणे अशक्य झाले, तिथे सामान्य नमशूद्र शेतकरी परत जाईल ही आशा कोणत्या आधारावर होती, हे मला आजवर उमगलेले नाही.

माणसे परतली नाहीत, येतच राहिली. मग सरकारने तारखा आखल्या. ३१ मार्च १९५८ पर्यंत आलेले ते ‘जुने स्थलांतरित’, सुमारे ४१ लाख. १ जानेवारी १९६४ ते २५ मार्च १९७१ या काळात आलेले ते ‘नवे स्थलांतरित’, सुमारे ११ लाख. त्यांना मदत मिळायची ती पश्चिम बंगालबाहेर जाण्याच्या अटीवर. आणि मधल्या पावणेसहा वर्षांत जे आले, ते कोणत्याच रकान्यात बसत नव्हते. एकाच गावातून निघालेल्या दोन भावांपैकी एक मार्चमध्ये पोहोचला आणि दुसरा एप्रिलमध्ये, तर पहिला निर्वासित आणि दुसरा कोणीच नाही.

छावण्यांतील लोकांपुढे दोन पर्याय ठेवले गेले: सहा महिन्यांचा निर्वाहभत्ता घेऊन छावणी सोडा, अथवा दंडकारण्यात जा. १९५८ साली स्थापन झालेल्या दंडकारण्य विकास प्राधिकरणाचे क्षेत्र म्हणजे मुख्यतः ओरिसातील कोरापुट आणि मध्य प्रदेशातील बस्तर. रामाच्या वनवासाला निदान चौदा वर्षांची मुदत होती! रायपूरजवळच्या माना छावणीत कित्येक कुटुंबांनी वर्षानुवर्षे वाट पाहिली. जमीन मिळाली तीही पाणी न धरणारी, माळाची. पाण्यात उभे राहून भात लावणाऱ्याला तिच्याशी काय करावे हे कळेना. प्राधिकरणाचे अध्यक्ष राहिलेले सनदी अधिकारी शैबालकुमार गुप्त यांनी पदावरून दूर झाल्यावर या योजनेवर जाहीरपणे टीका केली. आणि हेही विसरू नये की ते अरण्य ओसाड नव्हते. तिथे आपला वनवासी समाज पिढ्यान्‌पिढ्या राहत होता. तोडलेल्या जमिनीचा चौथा हिस्सा त्याच्यासाठी राखण्याची तरतूद होती, पण त्याचे जंगल गेले ते गेलेच.

बंगालमधील डावे पक्ष विरोधात असताना निर्वासितांना राज्याबाहेर धाडू नका, असे सांगत होते. १९७७ साली ते सत्तेवर आले. त्या शब्दावर विश्वास ठेवून १९७८ मध्ये हजारो कुटुंबे दंडकारण्य सोडून निघाली आणि सुंदरबनातील मरीचझापी बेटावर उतरली. सरकारी मदतीविना त्यांनी तिथे शाळा, दवाखाना उभारला, मासेमारी सुरू केली. सरकारचे उत्तर होते की हे राखीव वन आहे. २४ जानेवारी १९७९ रोजी १४४ कलम लावून बेटाची नाकेबंदी झाली, ३१ जानेवारीला गोळीबार झाला आणि मे महिन्यात बेट रिकामे करण्यात आले. किती माणसे मेली, यावर आजही एकमत नाही. त्याची धड चौकशीच झाली नाही.

नागरिकत्वाची कथाही तारखांचीच आहे. २००३ च्या दुरुस्तीने बेकायदा स्थलांतरितास नोंदणीचा मार्ग बंद केला आणि पुढे जन्मणाऱ्या त्याच्या मुलांचाही. ही दुरुस्ती अटलजींच्या सरकारच्या काळातली, हे आपण प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. छळामुळे पळून आलेला आणि पोटासाठी आलेला यांत त्या कायद्याने भेद केला नाही. राज्यसभेत त्या वेळी डॉ. मनमोहन सिंग यांनी बांगलादेशातील अल्पसंख्य निर्वासितांबाबत उदार धोरण ठेवण्याची सूचना केली होती आणि अडवाणीजींनी तिला सहमतीही दर्शविली होती. कायद्यात ती उतरायला २०१९ उजाडले. नियम आले ११ मार्च २०२४ रोजी. धर्माच्या आधारे केलेल्या या भेदाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे. आणि या कायद्यातही पुन्हा एक तारीख आहेच: ३१ डिसेंबर २०१४. त्यानंतर २०२४ अखेरपर्यंत आलेल्यांना २०२५ च्या आदेशाने कारवाईतून सूट दिली, नागरिकत्व नव्हे.

आता पुन्हा चामोर्शीला येऊ. या कुटुंबांपैकी अनेक नमशूद्र आहेत. हा समाज पश्चिम बंगालमध्ये अनुसूचित जाती आहे, ओरिसातही आहे. महाराष्ट्राच्या यादीत नाही. म्हणजे सरकारने ज्या माणसाला स्वतःच्या आदेशाने एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेले, त्याची जात मात्र सीमेवरच अडवली. मालकानगिरीच्या भावाच्या मुलाला शिष्यवृत्ती मिळते, मुलचेऱ्याच्या भावाच्या मुलाला तो दाखला मिळत नाही. राज्यघटनेच्या ३४१ व्या कलमानुसार ही यादी बदलण्याचा अधिकार केवळ संसदेचा आहे. आपल्यापैकी जे विदर्भात काम करतात, त्यांनी या गावांत जाऊन किती मुलांचे शिक्षण या दाखल्यावाचून अडले आहे, त्याची नावनिशीवार नोंद करावी आणि ती आपल्या खासदारांच्या हाती द्यावी.