तात्या विंचूचा चेहरा काढूया: रक्त नको, दोन उभ्या रेघा पुरे

कोथरूडमधल्या माझ्या खोलीतून बोलतोय, त्यामुळे मध्येच रिक्षाचा हॉर्न किंवा कुकरची शिट्टी आली तर सांभाळून घ्या. आजचा भाग नुसता ऐकायचा नाहीये, हातात पेन्सिल घेऊन ऐकायचाय. आज आपण भीतीदायक बाहुल्याचा चेहरा काढणार आहोत. चित्रकला शाळेतच सुटली असेल तरी हरकत नाही. माझीही तिथेच सुटली.

झालं असं, की सुट्टीत माझी सात वर्षांची भाची राहायला आली होती आणि टीव्हीवर ‘झपाटलेला’ लागला. आम्ही सगळे हसतोय आणि ती उशीच्या आडून बघतेय. रात्री तिने कपाटावरच्या स्वतःच्याच बाहुलीकडे बोट दाखवलं. म्हणाली, “मामा, ती बघतेय.” सगळ्यांनी समजावलं, “अगं, खोटं असतं ते.” मीही तेच म्हणालो. पण खोटं आहे हे तिला माहीतच होतं! तरी भीती वाटत होती. मग ती नक्की कशाची?

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वही घेऊन बसलो. मी आधी सुळे काढले, डोळ्यांतून रक्त काढलं, कपाळावर टाके घातले. ती खो-खो हसली. म्हणजे भीती तिथे नव्हतीच.

मग मी तात्या विंचूचे फोटो नीट बघितले. ‘झपाटलेला’ आला १९९३ साली, महेश कोठारेंचा. मरताना गुंडाचा आत्मा बाहुल्यात शिरतो. १९८८च्या ‘चाइल्ड्स प्ले’मधल्या चकीचं पण तसंच. पण चकी हे दुकानातलं खेळणं आणि आपला तात्या हा बोलका बाहुला, शब्दभ्रमाच्या खेळातला. तो घडवला रामदास पाध्यांनी. अर्धवटरावांना बोलतं करणारे तेच. बोलक्या बाहुल्याचा खालचा जबडा वेगळा तुकडा असतो. तो वर-खाली हलावा म्हणून ओठांच्या कोपऱ्यांपासून हनुवटीपर्यंत दोन फटी ठेवतात. या दोन फटी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

चला, पेन्सिल घ्या. एचबी चालेल. रेघा हलक्या काढा, खोडायच्या आहेत.

पहिलं, तळहाताएवढं अंडं काढा. रुंद बाजू वर, निमुळती खाली. मधोमध एक उभी रेघ.

दुसरं, डोळ्यांची आडवी रेघ. इथे बहुतेक जण चुकतात, डोळे फार वर काढतात. मोठ्या माणसाचे डोळे डोक्याच्या साधारण मध्यावर असतात. आरशासमोर बोटांनी मोजून बघा, पटेल. लहान मुलाचं कपाळ मोठं, म्हणून डोळे मध्याच्या थोडे खाली. बाहुल्याला आपण लहान मुलाचंच माप देणार. पॉज करा, काढून घ्या.

तिसरं, डोळे. दोन मोठे गोल, मध्ये साधारण एका डोळ्याएवढी जागा. आत बुबुळ काढा, पण ते वरच्या किंवा खालच्या पापणीला टेकू देऊ नका. शांत बसलेल्या माणसाचं बुबुळ वरून थोडं पापणीखाली झाकलेलं असतं. चारही बाजूंनी पांढरं दिसलं, की डोळे वटारल्यासारखे वाटतात. आणि बुबुळात चमकेचा पांढरा ठिपका ठेवू नका. तो गेला की डोळ्यातला जीव जातो.

चौथं, नाक. दोन ठिपके. बास.

पाचवं, तोंड. छान रुंद हसू काढा. आता ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांपासून हनुवटीपर्यंत दोन उभ्या रेघा ओढा. पॉज करा आणि वही हातभर लांब धरून बघा.

दिसला ना तात्याचा भाऊ?

आता गंमत कुठे आहे ते सांगतो. मनापासून हसताना आपले गाल वर येतात, खालची पापणी उचलली जाते, डोळे बारीक होतात. तुमच्या बाहुल्याचं तोंड हसतंय, डोळे हसत नाहीयेत. चेहरा लहान मुलाचा, जबडा लाकडाचा. आपला मेंदू ठरवू शकत नाही, हे माणूस आहे की वस्तू. जपानचे रोबोटिक्सचे प्राध्यापक मासाहिरो मोरी यांनी १९७०मध्ये हेच मांडलं होतं: यंत्र माणसासारखं दिसायला लागलं की आवडतं, पण अगदी जवळ पोचून थोडक्यात चुकलं की एकदम नकोसं वाटतं. आणि ते हललं तर जास्तच.

म्हणून नवशिक्यांना माझा एकच सल्ला. सगळं भीतीदायक करू नका. चेहरा शांत ठेवा आणि एका वेळी एकच गोष्ट बिघडवा. आम्ही कोडमधला बग शोधताना हेच करतो: एक ओळ बदलायची, रन करायचं, बघायचं. इथे एक बुबुळ किंचित बाहेर सरकवा, फोटो काढा. ते जागेवर आणा, एक भुवई उचला, पुन्हा फोटो. कशाने काय होतं ते आपोआप कळेल.

हा दुसरा चेहरा दाखवल्यावर भाची हसली नाही. तिने वही उलटी करून ठेवली. ताई माझ्याकडे असं काही बघत होती, की मला वाटलं संपलं आता. पण पाच मिनिटांनी भाचीनेच वही सरळ केली. “मामा, काय केलंस तू याला?” मी एकेक गोष्ट दाखवली. तिने खोडरबर घेतला, जबड्याच्या रेघा पुसल्या, खालच्या पापण्या वर उचलल्या, बुबुळात पांढरा ठिपका केला. मग म्हणाली, “आता हा चांगलाय.” आणि लगेच सगळं पुसून पुन्हा भीतीदायक केला. मग पुन्हा चांगला. दुपारपर्यंत कागद फाटायला आला.

भीती पूर्ण गेली का? नाही. त्या रात्री कपाटावरच्या बाहुलीचं तोंड भिंतीकडेच होतं. पण ते फिरवायला तिने कोणाला हाक मारली नाही. स्टुलावर चढून स्वतः फिरवलं.

तुमच्याही घरात कोणी घाबरत असेल तर “खोटं असतं” म्हणून विषय संपवू नका. वही द्या, आणि खोडरबर त्यांच्या हातात द्या. फक्त एक करा, हे सगळं दिवसाउजेडी करा. भेटू पुढच्या भागात.