मोहपाणीची खाण
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



सराफ्यात उभे राहून कोळशावर बोलणे हे धाडसच. इथला माल गुंजेत तोलतात, आमचा वाघिणीत मोजतात!

इटारसीकडे जाताना नरसिंहपूरनंतर गाडरवारा लागते. त्याच्या दक्षिणेला, सातपुड्याच्या पायथ्याशी, मोहपाणी. तेथे १८६२ मध्ये नर्मदा कोल अँड आयर्न कंपनीने खाण सुरू केली. तेव्हा जबलपूरला आगगाडी आलेलीच नव्हती. अलाहाबादकडून ती १८६७ मध्ये आली आणि ७ मार्च १८७० रोजी मुंबईचा मार्ग येथे येऊन मिळाला. इंजिनाला रोज कोळसा हवा. बंगालचा लांबून यायचा, विलायतेचा बोटीतून. मग मोहपाणीचे महत्त्व वाढले नसते तरच नवल. गाडरवाऱ्याहून खाणीपर्यंत शाखा टाकली गेली आणि १९०४ मध्ये जी. आय. पी. रेल्वेने खाणच विकत घेतली.

पण निसर्गाची साथ नव्हती. तिथले थर तिरपे आणि भ्रंशांनी तुटलेले. कोळशामागे खोदत जावे, तर समोर एकदम खडकाची भिंत. उरलेला थर वर सरकला की खाली, हे पुन्हा शोधायचे. अखेर खाण बंद पडली. आज ती शाखाही नाही. गाडरवाऱ्याजवळच्या १६०० मेगावॅटच्या वीज केंद्राला कोळसा बाहेरून येतो, तोही रेल्वेनेच.

ही जुनी कहाणी आज कशाला, असे कोणी विचारील. याच क्षेत्रातले गोटीटोरिया पूर्व आणि पश्चिम हे पट्टे २०२० मध्ये केंद्र सरकारच्या लिलावात गेले. सोडून दिलेल्या खाणीत पाणी साठते. झारखंडातल्या चासनाला येथे २७ डिसेंबर १९७५ रोजी असेच साठलेले पाणी चालू खाणीत फुटले आणि ३७५ माणसे गेली. जुन्या बोगद्याचे टोक नेमके कुठे, हे ठाऊक नसेल तर आधी लांब छिद्र पाडून पुढे पाणी आहे का ते तपासतात, मगच खोदाई पुढे सरकते. तुटक्या थरांच्या खाणीत तर अंदाजावर काहीच सोडता येत नाही. लागतो तो नकाशा.

आपल्यात रेल्वेतली जुनी घराणी आहेत. कोणाकडे जी. आय. पी.तल्या पणजोबांची ट्रंक असेल, तर रद्दीवाल्याला बोलावण्यापूर्वी मोहपाणीचा एखादा कागद आत आहे का, तेवढे पाहा.