आधी साथीदार

किशोरीताई आमोणकरांच्या आडनावात आपलं आमोणे आहे, सासरकडून आलेलं. त्यांच्या आई मोगूबाई कुर्डीकर. ते कुर्डी साळावली धरणात बुडालं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की तेवढं दिसतं. गाणारीच्या नावात गाव तरी राहिलं. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसांचं काय? प्यारेलालांचे हे व्हायोलिनचे गुरू. हिंदी चित्रपटांसाठी त्यांनी वाद्यमेळ रचला, पण अशा माणसांची नावं पडद्यावर क्वचितच येत. १९७७च्या ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यात त्यांचं नाव गाजलं; पुष्कळांना ते निव्वळ गमतीतलं वाटलं! म्हणून आज गायक थोडे थांबतील. पेटी, घुमट, ट्रंपेट वाजवणाऱ्यांनी आधी पुढे यावं. नाव सांगा, गाव सांगा, कुणाकडे शिकलात तेही सांगा.