मीटरचा आकडा समजून घेऊया



गेल्या दिवाळीनंतर आमच्या गटातल्या नऊ जणींनी आपलं सोयाबीन एकत्र करून विकायला नेलं. तिथं वरच्या पोत्यातून मूठभर दाणे काढून मीटरमध्ये टाकले. आकडा आला 14.8. "माल ओला आहे," म्हणत क्विंटलमागे पाच किलोची कटती सांगितली. आम्ही गप्पच बसणार होतो. पण गटातल्या एक काकू म्हणाल्या, "दादा, पुन्हा एकदा मोजा की!" दुसऱ्यांदा आकडा आला 13. माल तोच, मीटर तेच! हिशेब येत नव्हता म्हणून आम्ही तीन किलोंवर तडजोड केली आणि घरी आलो. पण ती गोष्ट मनाला लागली. म्हणून या यंत्राची माहिती काढली, ती आज तुम्हाला सांगतो.

मीटर पाणी थेट मोजत नाही. ते दाण्यांवर विजेचा हलका परिणाम करून बघतं. पाणी विजेला फार जास्त दाद देतं. शास्त्रज्ञांच्या मोजमापात पाण्याचा आकडा 80 च्या आसपास, तर कोरड्या धान्याचा 2 ते 4. म्हणून थोडंसं पाणीही लक्षात येतं. पण दाणे सैल पडले की दाबून भरले, गरम आहेत की थंड, यानंही आकडा हलतो.

याहून बारीक काम मायक्रोवेव्ह सेन्सर करतात. ते मोठ्या कारखान्यांत असतात. अन्न गरम करणाऱ्या ओव्हनमधल्या लहरींच्याच जातीच्या लहरी, पण इतक्या क्षीण की दाणा गरमही होत नाही.

माठ घेताना आपण टिचकी मारून आवाज ऐकतो ना? तसंच इथं. अशा एका प्रकारच्या सेन्सरमध्ये तांब्याचं बारीक कडं असतं. लहरींनी ते आपल्या ठरावीक सुरात वाजतं म्हणा. जवळ ओला दाणा आला की सूर खाली उतरतो आणि आवाज बद्द होतो. त्यावरून ओलावा कळतो.

आता या सेन्सरचा कान तिखट कसा करायचा? एक, कड्याला बारीक चीर ठेवतात. विजेचा जोर त्या चिरेत सगळ्यात जास्त असतो. दाणा नेमका तिथं, चिकटून ठेवला की फरक ठळक दिसतो. मध्ये हवा राहिली की कान मंदावतो. दोन, कडं जितकं खणखणीत, तितका बारीक बदल कळतो. तीन, लहर धान्यातून जाताना किती रेंगाळली आणि किती क्षीण झाली, हे दोन्ही एकत्र मोजतात. मग दाणे सैल की दाबलेले, याचा घोळ बराच कमी होतो. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या शास्त्रज्ञांनी धान्यासाठी यावर अनेक वर्षं काम केलं आहे.

असं यंत्र आपल्या बाजारात येईल तेव्हा येईल. आज हातात जे मीटर आहे, त्याच्यापुढं उभं राहताना एवढं करा:

नमुना एकाच पोत्यातून नको. चार-पाच पोत्यांच्या वरून, मधून, खालून घ्या आणि मिसळा.
उन्हातून उचललेला गरम माल लगेच मोजू नका. सावलीत निवू द्या.
मीटरवर सोयाबीनच निवडलंय ना, ते बघा. दुसरं पीक लागलेलं असेल तर आकडा चुकतो.
तीनदा मोजायला सांगा आणि सरासरी धरा.

आणि हिशेब पाठ करा. हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनला 12 टक्के ओलाव्याची मर्यादा असते. 2024-25 च्या हंगामात ती 15 टक्क्यांपर्यंत सैल केली होती. 13 टक्क्यांचा एक क्विंटल माल 12 वर आणला, तर वजन सव्वा किलोच्या आतच घटतं. 15 वरून आणला, तर साडेतीन किलोच्या आत. म्हणजे त्या दिवशी त्यांचा 14.8 हा आकडा खरा धरला, तरी पाच किलो जास्तच होते. आणि 13 धरला, तर आम्ही क्विंटलमागे जवळजवळ दोन किलो फुकट दिले.

मैत्रिणींनो, भांडायचं नाही. फक्त "पुन्हा मोजा" म्हणायचं आणि हिशेब सांगायचा. पुढच्या बैठकीत हा हिशेब गटाच्या वहीत सगळ्यांनी लिहून घ्या. नमस्कार!