फडावर निघण्याआधी: मासिक पाळीच्या कपाची ओळख

मासिक पाळीच्या दिवसांत कोणते साधन वापरावे, हे ठरवताना ते किती पाण्यावर, कोणत्या आडोशाला आणि कोणत्या कामाच्या रगाड्यात वापरले जाणार आहे याचा विचार आधी करावा लागतो. पालम तालुक्यातून आणि एकूणच परभणी-बीडच्या पट्ट्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत हा प्रश्न सर्वांत बिकट होतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन नवराबायकोची जोडी, म्हणजे एक कोयता, पश्चिम महाराष्ट्राकडे किंवा कर्नाटकाकडे निघतो आणि पुढचे पाच-सहा महिने कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, राहतो. तेथे बहुधा शौचालय नसते, पाणी दुरून आणावे लागते, पहाटे लागलेली तोड मोळ्या गाडीत चढेपर्यंत थांबत नाही, आणि दिवस बुडाला तर खाडा, म्हणजे दंड, धरला जातो. अशा ठिकाणी कापडाची घडी धुवायला पाणी नसते, उन्हात वाळत घालायला जागा नसते, आणि पॅड परवडले तरी बदलायचे कोठे व टाकायचे कोठे हा प्रश्न उरतोच. टॅम्पॉन, म्हणजे योनीत बसवावयाची शोषक कापसाची वळी, हे साधन तर तालुक्याच्या बाजारात सहसा दिसतही नाही.

मासिक पाळीचा कप हे मऊ, घडी होणाऱ्या, वैद्यकीय दर्जाच्या सिलिकॉनचे, घंटेच्या आकाराचे छोटे भांडे असते. ते स्राव शोषून घेत नाही, साठवते. लिओना चाल्मर्स या अमेरिकन अभिनेत्रीने 1937 साली रबरी कपाचे पेटंट घेतले होते. सिलिकॉनचे कप रुळले ते मात्र बऱ्याच उशिरा. एका कपात साधारण 20 ते 30 मिलीलीटर स्राव मावतो आणि संपूर्ण पाळीत बहुतेक स्त्रियांचा स्राव 30 ते 80 मिलीलीटरच्या दरम्यान असतो, त्यामुळे पॅडपेक्षा बराच अधिक वेळ, पण कोणत्याही परिस्थितीत बारा तासांहून अधिक नव्हे, तो आत ठेवता येतो. पहाटे कोपीतून निघताना बसवलेला कप परतल्यावर रिकामा करणे अनेकींना त्यामुळे शक्य होते; पहिल्या दोन दिवसांत स्राव जास्त असेल तर मध्ये एकदा रिकामा करावा लागतो. चांगल्या प्रतीचा कप योग्य निगा राखल्यास दहा वर्षांपर्यंत टिकू शकतो आणि त्यातून टाकून देण्याजोगा कचरा जवळजवळ निघत नाही.

कप पोटात हरवेल, ही भीती शरीररचना ठाऊक नसल्याने वाटते. योनीमार्ग वरच्या बाजूस गर्भाशयाच्या मुखाशी संपतो आणि त्या मुखातून कप आत जाऊच शकत नाही. लघवीचा मार्ग वेगळा असल्याने कप आत असताना लघवी नेहमीप्रमाणे होते. अविवाहित मुलींच्या संदर्भात योनीपटलाची, म्हणजे योनीच्या तोंडाशी असलेल्या पातळ पडद्याची, शंका घरातील मोठ्या बायका काढतात. हा पडदा प्रत्येकीत वेगळ्या घडणीचा असतो, तो कपाने थोडा ताणला जाऊ शकतो किंवा फाटू शकतो, आणि त्याच्या असण्यानसण्यावरून कौमार्य ठरवणे वैद्यकशास्त्राला मान्य नाही. तरीही ज्या मुलीला कप नको वाटतो तिच्यावर तो लादू नये. स्वच्छ, कडक उन्हात वाळवलेले सुती कापड हेही उत्तम साधन आहे.

वापरण्याची रीत शिकावी लागते आणि खरी अडचण येथेच येते. नखे कापून हात साबणाने धुतल्यावर उकिडवे बसावे, ही बैठक ग्रामीण स्त्रीच्या अंगवळणी पडलेली असल्याने तिला येथे उलट सोपे जाते. कप दाबून इंग्रजी सी अक्षरासारखा दुमडावा, पाठीच्या कण्याच्या दिशेने तिरका सरकवावा आणि आत तो उघडला की बुडाशी बोट फिरवून घडी राहिली नाही ना हे पाहावे. काढताना खालचे शेपूट धरून ओढू नये. प्रथम कपाचे बूड चिमटीत दाबून आतील हवेची पकड सोडवावी, मगच तो सावकाश बाहेर घ्यावा. पाळी सुरू होताना आणि संपल्यावर कप बुडेल इतक्या पाण्यात, त्यासाठीच राखलेल्या लहान भांड्यात, पाच ते दहा मिनिटे उकळावा. मधल्या दिवसांत तो पिण्याजोग्या पाण्याने धुतला तरी चालतो, म्हणजे पाणी थोडे लागते. पण साबणाने स्वच्छ धुतलेल्या हातांना पर्याय नाही.

हे सारे पहिल्याच पाळीत जमत नाही. 2019 साली लॅन्सेट पब्लिक हेल्थ या नियतकालिकात 43 अभ्यासांचा जो आढावा प्रसिद्ध झाला, त्यानुसार कपातून होणारी गळती इतर साधनांइतकी किंवा त्याहून कमी होती आणि सुमारे 70 टक्के स्त्रियांनी सवय झाल्यावर तो पुढे वापरण्याची तयारी दाखवली. ही सवय व्हायला मात्र दोन-तीन महिने लागतात. म्हणून कप फडावर गेल्यावर प्रथम हाती घेणे योग्य नाही. उन्हाळ्यापासून दसऱ्यापर्यंत स्त्री गावी असते, तेथे दाराला कडी असते, चुलीवर पाणी तापते. शिकण्याचे महिने तेच. सोबतीने शिकणेही सोपे जाते. नेपाळमधील चितवन येथे शाळकरी मुलींना कप देऊन केलेल्या अभ्यासात मैत्रिणी वापरू लागल्या की इतरजणीही लवकर शिकतात असे दिसले. केरळात आलप्पुळा नगरपालिकेने 2019 मध्ये एचएलएल लाइफकेअर या सरकारी कंपनीच्या मदतीने 5,000 कप मोफत वाटले आणि 2022 मध्ये कुंबळंगी हे गाव सॅनिटरी नॅपकिनमुक्त म्हणून जाहीर झाले. महाराष्ट्रात 2018 ची अस्मिता योजना स्वस्त पॅडपुरती होती. आशाताई आणि बचत गट यांच्याकडे कपाची माहिती व वापर शिकवण्याचे काम सोपवणे पालमसारख्या तालुक्यात सहज शक्य आहे आणि ते व्हायला हवे.

काही स्त्रियांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कप वापरू नये: ज्यांनी तांबी बसवली आहे (कपाच्या ओढीने ती सरकू शकते), ज्यांचे अंग बाहेर येते, ज्यांना दुर्गंधीयुक्त पांढरा स्राव किंवा ओटीपोटात दुखणे आहे, आणि ज्यांची बाळंतपणानंतरची तपासणी झालेली नाही. कप आत असताना अचानक ताप, उलट्या, चक्कर किंवा अंगावर पुरळ आल्यास तो लगेच काढून रुग्णालय गाठावे. ही जंतूंच्या विषामुळे होणाऱ्या विकाराची लक्षणे असू शकतात; तो अतिशय विरळ, पण जिवावर बेतणारा आहे.

कपाचा आणखी एक उपयोग फारसा सांगितला जात नाही. अनेक कपांवर मिलीलीटरच्या खुणा असतात, त्यामुळे 'अंगावरून फार जाते' एवढेच मोघम न सांगता किती जाते हे स्त्रीला सांगता येते. ऊसतोड स्त्रियांत गर्भपिशवी काढण्याचे प्रमाण मोठे असल्याने हे मोजमाप मोलाचे आहे. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीने 2019 मध्ये बीड जिल्ह्यातील 82,309 ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा त्यांतील 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. ज्या स्त्रीचा स्राव पाळीमागून पाळी 80 मिलीलीटरच्या वर जातो तिने रक्तातील हिमोग्लोबिन तपासून घ्यावे आणि उपचार सुरू करावेत. आणि कोणी पहिल्याच भेटीत पिशवी काढण्याचा सल्ला दिला, तर हे मोजमाप घेऊन सरकारी रुग्णालयातील स्त्रीरोगतज्ज्ञाकडे दुसऱ्या मतासाठी जावे.